पिव्होटला ‘८ टक्क्यांच्या वर’ फिल्टर लावला की दर सोमवारी वेगळीच नावं का येतात?

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या साहेबांना एकच कागद हवा असतो. ज्या बागायतदारांच्या मालाचं रिजेक्शन (ग्रेडिंगमध्ये काढून टाकलेला माल) ८ टक्क्यांच्या वर गेलंय तेवढ्यांचीच यादी, तालुका आणि गावानुसार लावलेली. त्यावरून फील्डची पोरं आधी कुणाच्या बागेत जायचं ते ठरवतात. एक्सेलचं पिव्होट टेबल, म्हणजे पावत्यांची बेरीज गटागटानं मांडणारा तक्ता, तयार असतं. रिफ्रेश मारायचा, फिल्टर लावायचा, प्रिंट काढायची. पाच मिनिटांचं काम.

हे पाच मिनिटांचं काम मी दोन हंगाम दर सोमवारी दीड-दीड तास करत होते. कधी नको ते नाव यादीत यायचं, कधी हवं ते गायब व्हायचं. एकदा दिंडोरी तालुक्याचा आकडा एवढा फुगला की साहेबांनी पॅकहाऊसच्या सुपरवायझरला फोनवरच झापलं, आणि चूक माझ्या टेबलात निघाली. एकदा तर फिल्टर लावताच सगळं टेबल रिकामं झालं. दर वेळी मी तेवढं दुखणं बरं करायचे आणि पुढच्या सोमवारी दुसरं उभं राहायचं. नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून अंबड एमआयडीसीपर्यंत कितीतरी ऑफिसांत एमआयएसचं, म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट काढायचं, काम करणारी माणसं याच चक्कीत दळतायत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. उदाहरणं द्राक्षाची आहेत. पण तुमच्याकडे कांद्याच्या गाड्या असोत की मशीन शॉपचे रिजेक्ट पार्ट, दुखणं हेच असेल.

उगावचे काका आणि दोन टेम्पो

गेल्याच्या गेल्या हंगामात आमच्या यादीत निफाड तालुक्यातल्या उगावच्या एका बागायतदाराचं नाव आलं. रिजेक्शन १५ टक्के. फील्डच्या मुलानं त्यांना फोन केला, “काका, माल खराब येतोय.” दुसऱ्या दिवशी काका स्वतः ऑफिसात हजर. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या पावत्या. त्यांनी दोन पावत्या माझ्या टेबलावर मांडल्या.

“मॅडम, हा पहिला तोडा, दोनशे किलो. त्यात तीस किलो काढलं तुम्ही. बरोबर. अन् ही दुसरी पावती, अठराशे किलो, त्यात नव्वद काढलं. मग हे अठराशे किलो कुठं गेलं तुमच्या हिशेबात?”

मी कॅल्क्युलेटर घेतला. एकूण आवक २,००० किलो, रिजेक्शन १२० किलो, म्हणजे ६ टक्के. काका यादीत यायलाच नको होते.

झालं काय होतं? आमच्या मूळ डेटात प्रत्येक पावतीची एक ओळ आहे. तारीख, प्लॉट कोड, बागायतदार, गाव, तालुका, वाण, आवक किलो, रिजेक्शन किलो आणि शेवटी मीच सोयीसाठी घातलेला ‘रिजेक्शन टक्के’ हा कॉलम. त्या सोमवारी घाई होती म्हणून मी मूळ शीटवरच ‘८ टक्क्यांपेक्षा जास्त’ असा फिल्टर लावला, उरलेल्या ओळी नव्या शीटवर चिकटवल्या आणि त्यावर पिव्होट केलं. काकांची १५ टक्क्यांची पावती गाळणीतून पुढे आली. ५ टक्क्यांची मागेच राहिली. पिव्होटनं जे दिलं त्याचीच बेरीज केली, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

आता गंमत बघा. त्याच्या आदल्या आठवड्यात मी वेगळी चूक केली होती. तेव्हा पिव्होट पूर्ण डेटावरच होतं, पण ‘रिजेक्शन टक्के’ हा कॉलम व्हॅल्यूजमध्ये टाकून त्याचा ॲव्हरेज काढला होता. काकांच्या बाबतीत १५ आणि ५ यांची सरासरी १० टक्के. म्हणजे तरीही यादीत! दोनशे किलोच्या पावतीला आणि अठराशे किलोच्या पावतीला एकच मान. एकाच माणसाचे एकाच मालावर तीन आकडे निघाले, १५, १० आणि ६. त्यातला खरा एकच, सहा.

बहुतेक दुखण्यांचं मूळ इथंच आहे. पिव्होटमध्ये दिसणारी ओळ म्हणजे डेटातली ओळ नव्हे. डेटातली ओळ ही पावती असते आणि पिव्होटमधली ओळ अनेक पावत्यांची बेरीज. “ओळी गाळ” असं साहेब म्हणतात तेव्हा त्यांना बेरजेआधी पावत्या गाळायच्या आहेत की बेरीज झाल्यावर माणसं गाळायची आहेत, हे ठरल्याशिवाय फिल्टरच्या बाणाला हात लावू नये. आमचा प्रश्न माणसांचा होता, म्हणून फिल्टर बेरजेनंतरच हवा.

पण म्हणून बेरजेआधीचा फिल्टर नेहमी चूक, असंही नाही. आमच्याकडे माल संध्याकाळी येतो आणि ग्रेडिंग कधी कधी दुसऱ्या दिवशी होतं. अशा पावतीत आवक भरलेली, रिजेक्शनचा रकाना कोरा. पिव्होट कोऱ्या रकान्याची बेरीज शून्य धरतं. मग ज्याच्या मालाला अजून कुणी हातही लावलेला नाही तो बागायतदार ‘शून्य टक्के, उत्तम’ म्हणून मिरवतो आणि ज्याची एक पावती तपासून झालीय, एक व्हायचीय, त्याचा टक्का निम्म्यावर येतो. अशा अर्धवट पावत्या बेरजेत जायलाच नकोत. म्हणून मूळ टेबलात ‘ग्रेडिंग झालं’ असा एक हो-नाहीचा कॉलम वाढवला, तो पिव्होटच्या वरच्या फिल्टर्सच्या चौकटीत टाकला आणि ‘हो’ निवडलं. हा फिल्टर पावत्यांवर चालतो, त्यामुळे तो बेरजेआधीचा. आठ टक्क्यांचा माणसांवर चालतो, तो बेरजेनंतरचा. दोन्ही एकाच रिपोर्टमध्ये आहेत, फक्त आपापल्या जागी.

एक्सेलमध्ये नीट मांडणी कशी केली

आधी मूळ डेटा कंट्रोल-टी दाबून टेबलमध्ये बदलला. साध्या रेंजवर पिव्होट असेल तर खाली नव्या पावत्या भरल्या तरी पिव्होटला त्या दिसत नाहीत, आणि आपण “नावं का येत नाहीत?” म्हणून फिल्टरला दोष देत बसतो. टेबल आपोआप वाढतं.

टक्क्यांचा कॉलम व्हॅल्यूजमधून काढून टाकला. त्याऐवजी पिव्होटटेबल ॲनलाइझ टॅबमध्ये ‘फील्ड्स, आयटेम्स अँड सेट्स’ या बटणाखाली ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ आहे, तिथं रिजेक्शन किलो भागिले आवक किलो असं सूत्र दिलं. कॅल्क्युलेटेड फील्ड आधी दोन्ही कॉलमची बेरीज करतं आणि मग भागाकार. आपल्याला नेमकं तेच हवं आहे. काका ६ टक्क्यांवर आले.

मग बागायतदार या फील्डच्या बाणावर क्लिक करून व्हॅल्यू फिल्टर्स, ग्रेटर दॅन. टेबल रिकामं झालं होतं ते याच जागी, आणि कारण इतकं फुटकळ होतं की सांगायला लाज वाटते. मी चौकटीत ८ लिहिलं होतं. सेलमध्ये ८% दिसत असलं तरी आतली संख्या ०.०८ असते. आठपेक्षा जास्त म्हणजे आठशे टक्क्यांपेक्षा जास्त रिजेक्शन. एवढं वाईट आमच्याकडे कुणीच नाही! ०.०८ लिहिलं, यादी आली.

बाण कुठल्या फील्डचा आहे तेही बघा. नवं पिव्होट केलं की एक्सेल ते कॉम्पॅक्ट मांडणीत देतं. तालुका, गाव, बागायतदार तिन्ही एकाच कॉलममध्ये, एकाखाली एक सरकवलेले, आणि वर ‘रो लेबल्स’ नावाचा एकच बाण. त्या बाणाच्या यादीत सगळ्यात वर ‘सिलेक्ट फील्ड’ असतं. ते न बघता फिल्टर लावला तर तो तालुक्याला लागू शकतो. मग ज्या तालुक्याचं एकूण रिजेक्शन ८ टक्क्यांच्या आत आहे तो आख्खा तालुका गायब, त्यातल्या वाईट बागांसकट. चांदवडचे लोक यादीत कधीच का येत नाहीत, याचं उत्तर मला महिनाभरानं असं मिळालं. तेव्हापासून डिझाइन टॅबमध्ये रिपोर्ट लेआउट, ‘शो इन टॅब्युलर फॉर्म’. तीन फील्ड, तीन कॉलम, तीन बाण. दिसायला थोडं पसरट, पण फसायला होत नाही.

‘टॉप १०’ फिल्टरही असाच फसवतो. आतल्या फील्डवर, म्हणजे गावाखालच्या बागायतदारावर लावला की तो प्रत्येक गावात वेगळे दहा काढतो. जिल्ह्यातले सगळ्यात वाईट दहा हवे असतील तर तालुका आणि गाव ओळींमधून काढून फक्त बागायतदार ठेवा.

नवे बागायतदार यादीत येतच नाहीत

ही तक्रार फील्डच्या मुलांची. जानेवारीत जोडलेल्या बागा दिसतात, फेब्रुवारीत आलेल्या दिसत नाहीत. रिफ्रेश मारलेला, डेटात नाव आहे, तरी पिव्होटमध्ये नाही.

कारण असं की हंगामाच्या सुरुवातीला मी यादीत टिकमार्क काढून काही नावं लपवली होती, चाचणीचे प्लॉट आणि आमची स्वतःची बाग. हाताने टिक काढून लावलेला फिल्टर एक्सेल ‘एवढीच दाखव’ असा लक्षात ठेवतं. नंतर आलेलं नवं नाव त्या यादीत नसतं, म्हणून ते लपलेलंच जन्माला येतं. बागायतदाराच्या नावावर राइट क्लिक करून फील्ड सेटिंग्ज उघडा. तिथं ‘सबटोटल्स अँड फिल्टर्स’ या टॅबमध्ये ‘इन्क्लूड न्यू आयटेम्स इन मॅन्युअल फिल्टर’ ला टिक करा.

मी मात्र हाताने टिक काढणंच बंद केलं. चाचणी प्लॉटसाठी मूळ टेबलात कॉलम केला आणि त्यावर स्लायसर, म्हणजे शीटवरच दिसणारी फिल्टरची बटणं, लावला. कुणीही रिपोर्ट उघडला तरी काय गाळलंय ते डोळ्यांना दिसतं. टिकमार्कची यादी उघडून बघायला कुणाला वेळ असतो?

आणखी एक. बागायतदाराच्या नावावर ‘चाचणी हा शब्द नसलेले’ असा लेबल फिल्टर लावला आणि मग ८ टक्क्यांचा व्हॅल्यू फिल्टर लावला, तर पहिला गुपचूप निघून जातो. एका फील्डवर एकाच प्रकारचा फिल्टर, हा एक्सेलचा मूळचा नियम. पिव्होटटेबल ऑप्शन्समध्ये ‘टोटल्स अँड फिल्टर्स’ या टॅबवर ‘अलाउ मल्टिपल फिल्टर्स पर फील्ड’ आहे, तिथं टिक केली की दोन्ही टिकतात.

एकच गाव, चार ओळी

हे दुखणं आपलं खास मराठी आहे. लासलगाव आणि लासलगांव. कसबे सुकेणे, क. सुकेणे, नुसतंच सुकेणे. त्यात मौजे सुकेणे हे वेगळं गाव, ते कुठल्या सुकेण्यात गेलं देव जाणे. पिंपळगाव म्हटलं की निफाडकडच्या माणसाला पिंपळगाव बसवंतच आठवतं, पण सातपूरजवळ पिंपळगाव बहुला आहे. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकला, पण गेटवर पावती लिहिणाऱ्या आमच्या मामांच्या हातातून तो अजून गेलेला नाही. त्यांना ‘गांव’ असंच सुंदर वाटतं आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

पिव्होटला शुद्धलेखन कळत नाही. अक्षर वेगळं म्हणजे गाव वेगळं. परिणाम असा की एका बागायतदाराचा माल दोन ओळींत फुटतो. एक ओळ ८ टक्क्यांच्या वर जाते, दुसरी आत राहते. फिल्टर पहिली दाखवतो, दुसरी गाळतो, आणि उगावच्या काकांची कथा पुन्हा घडते. इथं फिल्टर बेरजेनंतरच लावलेला असतो, पण बेरीजच अर्धवट झालेली असते.

दिसायला अगदी सारखी नावं दोनदा येत असतील तर शेवटी मोकळी जागा आहे का बघा. लेन फंक्शननं दोन्हींची लांबी मोजली की कळतं. ट्रिम फंक्शन साधी मोकळी जागा काढतं. पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक न तुटणारी मोकळी जागा येते, जिचा क्रमांक १६०. ती ट्रिमला निघत नाही. सब्स्टिट्यूट वापरून कॅर १६० च्या जागी साधी जागा घालायची आणि मग ट्रिम.

मी केलेला पक्का इलाज म्हणजे गावांचं वेगळं मास्टर टेबल आणि पावतीच्या शीटवर गावाच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची ड्रॉपडाउन. मामा आता निवडतात, लिहीत नाहीत. आणि ओळखीसाठी नावाऐवजी प्लॉट कोड वापरायचा, कारण एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असणं आपल्याकडे काही नवलाचं नाही.

डेटा सुधारल्यावरही फिल्टरच्या यादीत ‘लासलगांव’ दिसतच राहिलं तर घाबरू नका. जुनी नावं पिव्होटच्या कॅशेत, म्हणजे त्यानं स्वतःजवळ ठेवलेल्या डेटाच्या प्रतीत, पडून असतात. पिव्होटटेबल ऑप्शन्स, डेटा टॅब, ‘नंबर ऑफ आयटेम्स टु रिटेन पर फील्ड’ ला ‘नन’ करा आणि रिफ्रेश मारा.

तालुक्याचा आकडा फुगला

साहेबांनी सुपरवायझरला झापलं ते यामुळे. समजा दिंडोरी तालुक्याची आवक ४०,००० किलो आणि रिजेक्शन २,००० किलो, म्हणजे ५ टक्के. त्यातले ८ टक्क्यांच्या वरचे तीनच बागायतदार, त्यांची मिळून आवक ६,००० आणि रिजेक्शन ६६०. फिल्टर लावला की दिंडोरीची बेरीज त्या तिघांचीच होते आणि समोर ११ टक्के उभे राहतात. साध्या पिव्होटमध्ये सबटोटल म्हणजे दिसणाऱ्या ओळींची बेरीज. लपलेले लोक बेरजेतून बाहेर. ‘दिंडोरीचं रिजेक्शन ११ टक्के’ असं वाचणाऱ्या साहेबांची चूक म्हणता येत नाही, कागदावर तसंच छापलेलं होतं.

यावर दोन वाटा आहेत. पिव्होट घालतानाच ‘ॲड धिस डेटा टु द डेटा मॉडेल’ ला टिक केली तर डिझाइन टॅबमध्ये सबटोटल्सखाली ‘इन्क्लूड फिल्टर्ड आयटेम्स इन टोटल्स’ हा पर्याय जिवंत होतो. साध्या पिव्होटमध्ये तो करडा असतो. तो लावला की लपलेल्यांसकट बेरीज येते. पण डेटा मॉडेलवरच्या पिव्होटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड चालत नाही, त्याऐवजी मेजर, म्हणजे डेटा मॉडेलमधलं हिशेबाचं सूत्र, लिहावं लागतं. डिव्हाइड फंक्शनमध्ये रिजेक्शनची सम आणि आवकेची सम द्यायची, एवढंच. सूत्र अवघड नाही. पण रजेवर असताना हा रिपोर्ट काढणाऱ्या आमच्या नव्या मुलाला ते समजावताना माझा घसा बसला.

म्हणून मी दुसरी, गावठी वाट धरली. शेजारी शेजारी दोन पिव्होट. डावीकडे फक्त तालुके, आठ टक्क्यांचा फिल्टर नाही. उजवीकडे फिल्टर लावलेली माणसं, सबटोटल बंद. ग्रेडिंगचा आणि चाचणी प्लॉटचा स्लायसर दोन्ही पिव्होटना ‘रिपोर्ट कनेक्शन्स’ मधून जोडलेला. दोन्ही पिव्होट एकाच कॅशेवरचे असले तरच हे जमतं, म्हणून दुसरं पिव्होट नव्यानं घालण्यापेक्षा पहिलंच कॉपी करून चिकटवावं. फिल्टर लावलेल्या पिव्होटमधून पिव्होटमधला आकडा उचलणारं गेट-पिव्होट-डेटाचं सूत्र दुसऱ्या शीटवर ओढलं असेल तर तेही डाव्या पिव्होटकडे वळवा. ओळ गाळली गेली की ते सूत्र रेफची एरर देतं.

शेजारच्या सेलची युक्ती वापरू नका

पिव्होटच्या शीर्षकाच्या ओळीत, टेबलाबाहेरचा लगेच उजवीकडचा सेल निवडायचा आणि डेटा टॅबमधून फिल्टर लावायचा. आकड्यांच्या कॉलमनाही बाण येतात आणि हवा तसा फिल्टर लागतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी ही युक्ती मला एका मित्रानं मोठ्या अभिमानानं शिकवली. आठवडाभर चाललीही.

हा फिल्टर पिव्होटचा नसून शीटचा असतो. तो बागायतदार नाही लपवत, ओळ क्रमांक २३ लपवतो. पुढच्या सोमवारी रिफ्रेश मारला, नवी नावं घुसली, सगळे खाली सरकले, आणि ओळ २३ वर आता भलताच माणूस, तोही लपलेला. कुठलीही एरर नाही. टेबल नीटनेटकं दिसतं आणि यादी चुकीची असते. तुमच्या फाइलमध्ये हे झालंय का ते ओळखायचं तर डावीकडचे ओळ क्रमांक बघा. ते निळे झाले असतील आणि मधले आकडे गळाले असतील तर कुणीतरी ही युक्ती करून गेलंय. डेटा टॅबमधून तो फिल्टर काढून टाका.

पॉवर बीआयमध्ये सतरा, एक्सेलमध्ये अकरा

या हंगामात रिपोर्ट पॉवर बीआयवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या प्रोग्रामवर, न्यायचं ठरलं, म्हणजे साहेबांना मोबाइलवर बघता येईल. तोच डेटा, टक्क्याचं तेच सूत्र मेजर म्हणून, मॅट्रिक्सवर (तिथला पिव्होटसारखा तक्ता) तोच ८ टक्क्यांचा फिल्टर. एक्सेलमध्ये ११ नावं आली आणि पॉवर बीआयमध्ये १७. वाटलं, पुन्हा पावत्या घेऊन लोक दारात येणार.

फरक एवढाच होता की दोन्हीकडे महिने आडवे, कॉलममध्ये टाकलेले होते. एक्सेलचा व्हॅल्यू फिल्टर त्या बागायतदाराची सगळ्या महिन्यांची एकूण बेरीज बघतो. पॉवर बीआयमध्ये व्हिज्युअलवर, म्हणजे त्या एका तक्त्यावर, लावलेला मेजरचा फिल्टर सगळ्यात बारीक पातळीवर चालतो, म्हणजे बागायतदार आणि महिना यांच्या प्रत्येक जोडीवर. समजा एकाची जानेवारीत आवक १,००० किलो, रिजेक्शन १००, म्हणजे १० टक्के. फेब्रुवारीत ३,००० किलोंत १५०, म्हणजे ५ टक्के. एकूण ६.२५, यादीत नको. पण पॉवर बीआय जानेवारीचा चौकोन ठेवतं, फेब्रुवारीचा कोरा करतं आणि उजवीकडच्या बेरजेत १० टक्के दाखवतं. पुन्हा तेच, एक टेम्पो मोजला, एक सोडला!

इलाज म्हणून फिल्टरसाठी वेगळं मेजर केलं. कॅल्क्युलेटमध्ये मूळ टक्क्याचं मेजर आणि त्याला रिमूव्ह-फिल्टर्स देऊन महिन्याचं नाव आणि महिन्याचा क्रमांक हे दोन कॉलम. क्रमांक विसरू नका. महिन्यांची नावं त्या क्रमांकानं लावलेली असतील तर तोही मागून फिल्टर करत असतो. पूर्ण तारखेच्या टेबलावरचा फिल्टर मात्र काढू नका, नाहीतर हंगामाचा स्लायसरही निकामी होतो. हे नवं मेजर मॅट्रिक्समध्ये दाखवायचं नाही, फक्त फिल्टर्सच्या पट्टीत व्हिज्युअलच्या भागात टाकायचं. पेजच्या किंवा रिपोर्टच्या फिल्टरमध्ये मेजर टाकताच येत नाही आणि स्लायसरमध्येही नाही, त्यामुळे ते तिथं ओढायच्या खटाटोपात वेळ घालवू नका. दोन्हीकडे ११ नावं आली.

तालुक्याची फुगलेली बेरीज इथंही होतीच. तिथं मी व्हिज्युअलचा फिल्टर काढून टाकला आणि अट मेजरमध्येच घातली. इझ-इन-स्कोप फंक्शननं विचारायचं की सध्या ओळ बागायतदाराची आहे का. असेल आणि त्याचा महिने सोडून एकूण टक्का आठच्या आत असेल, तर ब्लँक. नाहीतर आकडा. ओळीतली सगळी मेजर ब्लँक आली की मॅट्रिक्स ती ओळ दाखवतच नाही, आणि तालुक्याच्या ओळीला अट लागू नसल्यामुळे तिची बेरीज पूर्ण राहते. आवक, रिजेक्शन आणि टक्का तिन्ही मेजरना ही अट घालावी लागते. एकाला विसरलात तर सगळी नावं परत हजर. ‘शो आयटेम्स विथ नो डेटा’ कुणी चालू करून ठेवलं असेल तरीही तसंच.

प्रिंट काढण्याआधी

आता मी दोनच गोष्टी बघते. फिल्टर नसलेल्या डाव्या पिव्होटची एकूण आवक, अधिक अजून ग्रेडिंग न झालेल्या आणि चाचणी प्लॉटच्या पावत्या, मिळून वजनकाट्याच्या रजिस्टरशी जुळते का. आणि यादीतल्या कुठल्याही दोन नावांच्या आवकेच्या आकड्यावर डबल क्लिक. एक्सेल नव्या शीटवर त्या आकड्यामागच्या सगळ्या पावत्या मांडतं. शोधाशोध करताना मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. काय गाळलं गेलंय आणि काय नाही याचा वाद तिथल्या तिथे मिटतो. शीट बघून झाली की डिलीट करायची, नाहीतर महिन्याभरात फाइलमध्ये ‘शीट ४७’ पर्यंत गर्दी होते.

गेल्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, मण्यांना तडे गेले आणि उगावच्या काकांचं नाव यादीत आलं. ते पिशवी घेऊन आलेच. मी त्यांच्या आकड्यावर डबल क्लिक केलं, त्यांनी पावत्या काढल्या आणि आम्ही दोघांनी एकेक ओळ लावून बघितली. सहा पावत्या, सहा ओळी. काकांनी चष्मा काढला, पावत्या परत घडी घालून पिशवीत ठेवल्या आणि विचारलं, “बरं, मग आता हा माल लोकलला काय भावानं जाईल?”